मुक्या कॉम्प्युटरचा जबाब

नोकरीतले कितीतरी खून आणि दरोडे मी विसरून गेले. पण ऐन मे महिन्यात एका कॉम्प्युटरला ठाण्यात आणून मी त्याच्यावर आवाज चढवला होता, ते मात्र काही केल्या विसरता येत नाही. सोबतचे लोकही विसरू देत नाहीत.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होते. गाव पातूरच्या अलीकडचं की पलीकडचं ते सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून हयात आहेत आणि माझ्याइतकी निर्लज्ज नाहीत. माहेर माझं चांदूर रेल्वेचं, सासर अमरावतीचं. सहायक पोलीस निरीक्षकाचे तारे खांद्यावर नवे होते. डोळ्यांवर काळा गॉगल असायचा. तो घालून जीपमधून उतरलं की बाई आपोआप हुशार होते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शेतीची ती वाईट वर्षं. ठाण्याच्या पायऱ्या चढणारं माणूस बहुतेक रडतच चढायचं. आकस्मिक मृत्यूच्या नोंदी करून करून आमच्या मुन्शीचं अक्षर बिघडलं होतं. मुलीचं एकटीचं लग्न मांडायची ताकद कुणात उरली नव्हती, म्हणून गावोगाव सामूहिक विवाह व्हायचे. एक मांडव, एक भटजी, शेजारी निकाहासाठी काझी, आणि सगळ्या नवऱ्यांना एकाच गाठोड्यातल्या सारख्या साड्या. अशा लग्नात घरच्यांच्या हाती आठवण म्हणून काय राहायचं, तर फोटो. तेवढेच.

आणि तेच फोटो गेले.

गावातल्या सर्वात जुन्या फोटो स्टुडिओचे मालक एका सकाळी धापा टाकत ठाण्यात आले. सारं गाव त्यांना बापू म्हणायचं, मीही तेच म्हणते. गावालगत काळ्या मातीचं वावर, अंगात खादीचा सदरा आणि आवाज असा, की लग्नात फोटो काढताना त्यांना माइक लागायचा नाही.

"मॅडम, घात झाला! पोरीनं मशीनले कुलूप लावलं!"

"कोणत्या मशीनला?"

"कॉम्प्युटरले वो! सगळ्या नवऱ्या अन् नवरदेव आतमंदी अडकून राह्यले!"

आमचे जमादार खुर्चीतून ताडकन उठले. "आतमंदी? अन् जेवणाखाण्याचं काय केलं त्याइचं?"

जमादारांना समजावून खाली बसवलं आणि हकिकत ऐकली. स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो घेणारी, त्यांचे अल्बम मांडणारी एक मुलगी होती. तिला मी इथे नाज म्हणते. वडील कापडाला रंग देणारे, घरात सगळ्यांच्याच हातात कसब. बापूंच्या मशीनला व्हायरसनं हैराण केलं होतं. येणारा प्रत्येक जण स्वतःच्या कार्डातून नवा रोग घेऊन यायचा. म्हणून नाजनं अकोल्याला क्लासमध्ये शिकलेली लिनक्स नावाची दुसरी प्रणाली त्यावर घातली. तेव्हापासून व्हायरस गेला, पण बापूंच्या मनात संशय आला. आता त्या मशीनवर सामूहिक विवाहाचे सारे फोटो होते. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरून झाली होती. आणि सकाळी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आणि खाली पासवर्डची मागणी.

"पासवर्ड नाही दिला तिनं?"

"देल्ला ना! पण खोटा देल्ला. टाइप करून राह्यलो तं एक अक्षर उमटत नाही! अन् मॅडम, ते नोकरी सोडून चालली. जाता जाता काटा काढला माहा."

नोकरी सोडून चालली, हे मला माहीत होतं. अकोल्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा नाजला मिळाली होती आणि तिचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडला होता. शाळेनं शनिवारची मुदत दिली होती. शनिवारपर्यंत माझा शेरा गेला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आणि बापूंची फिर्याद मी दाखल करून घेतली असती, तर शेरा काय जाणार होता ते उघड होतं. त्या मुलीची आयुष्यातली पहिली पक्की नोकरी माझ्या दोन बोटांमधल्या पेनवर आली होती.

ठाण्याबाहेर तोवर नवरीकडच्या आया, मावश्या जमल्या होत्या. एक जण ओरडत होती, "माह्या पोरीचा एक फोटो नाही घरात, सासरचे म्हणन लगन झालंच नाही!"

मी म्हणाले, चौकशी करते. फिर्याद लिहून घेतली नाही. त्यामागे काही शहाणपण नव्हतं. कॉम्प्युटरचा जो काही कायदा होता, त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो आहे. कलम शोधायला वेळ हवा होता.

नाजला बोलावलं. ओढणी नीट घेऊन समोर बसली. घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. गॉगल काढून मी टेबलावर ठेवला. ही माझी चौकशी सुरू करायची पद्धत.

"मशीन लॉक का केलंस?"

"मी नाही केलं. फाइल सिस्टीम खराब झाली म्हणून ते थांबलं. आपुन होऊन थांबलं, आणखी खराबी नको म्हणून. पडद्यावर लिहिलं हाय ना मॅडम, हातानं तपासणी करा म्हणून."

पडद्यावरच्या ओळी बापूंनी कागदावर उतरवून आणल्या होत्या. मी त्यातला 'पासवर्ड' एवढा एकच शब्द वाचला होता.

"आणि खोटा पासवर्ड का दिलास?"

"खराच देल्ला. पण तो टाइप करतानी दिसत नाही. टिकल्या नाही, फुल्या नाही, काहीच नाही. लिनक्स तसंच असते."

"दिसत नाही? मग आपण काय टाइप केलं ते कळणार कसं?"

"आपल्या बोटाइले माईत असते ना."

"मला शिकवतेस?"

"मॅडम, मास्तरीणच व्हाले निघाली मी."

जमादारांना खोकला आला. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा तो थांबला.

दुपारी जमादारांच्या खबऱ्याची टिप आली. बाजारातल्या पानठेल्यावरून सगळं गाव दिसायचं, आणि ठेलेवाला आमचा माणूस होता. त्याचं म्हणणं, नाज रोज दुपारी खांद्याला पिशवी अडकवून समोरच्या दुसऱ्या स्टुडिओच्या जिन्यानं वर जाते आणि तासाभरानं खाली येते. समोरचा स्टुडिओ म्हणजे बापूंचा पक्का वैरी! पिशवीतून फोटो पळवले, मशीन बिघडवलं, वैऱ्याला विकले. सगळी साखळी जुळली. त्या वयात मला साखळ्या फार लवकर जुळायच्या.

मी स्वतः जिना चढून गेले. वर नाजची खाला, म्हणजे मावशी, राहत होती. पिशवीत डबा असायचा. खालाला गुडघेदुखी होती, म्हणून भाची रोज दुपारी येऊन तिच्याबरोबर जेवायची. खालानं मला बसवून शेवयांचा शीरखुर्मा दिला. तो खाऊन मी जिना उतरले तेव्हा साखळीत एकच कडी उरली होती आणि तीही गोड.

आता घटनास्थळाचा पंचनामा. बापूंच्या स्टुडिओत शिरताच त्यांनी आपली खुर्ची झटकून कूलरसमोर मांडली. "बसा मॅडम, बसा. पह्यले थंड व्हा." आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुण्याला पाणी नंतर, आधी कूलरसमोरची जागा. ती नाकारणं म्हणजे घर नाकारणं. मी बसले. समोर कॉम्प्युटर, पाठीवर खसाचा ओला वारा. कीबोर्डवरचे ठसे घ्यायला मी जमादारांना सांगितलं. त्यांनी पावडर टाकून बराच वेळ खटपट केली आणि निष्कर्ष दिला, "मॅडम, चिवड्याचं तेल हाय."

मग मी स्वतः पासवर्ड टाइप करायला घेतला. एका बोटानं, गॉगल डोक्यावर सरकवून. एक अक्षर उमटेना. पुन्हा केला. तेवढ्यात लाईन गेली. त्या दिवसांत भारनियमन इतकं नेमानं व्हायचं, की लोक त्यावर घड्याळ लावत. ट्यूबलाइट विझली, पण कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवर सुरूच होता. मी घाईघाईनं तिसऱ्यांदा अक्षरं दाबली, एंटर मारला आणि पडदा खटकन काळा झाला. मशीनच मेलं.

"पाह्यलं मॅडम?" बापू माझ्या मागून ओरडले. "पासवर्डनंच मारलं त्याले!"

मला ते शंभर टक्के पटलं. ही पोरगी साधी नाही, पासवर्डमध्येच तिनं सुरुंग पेरलाय, असं मी जमादारांच्या कानात सांगितलंसुद्धा. लाईन गेलेली असताना माझ्या पाठीवर अजून गार वारा येत होता. त्याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. बरं वाटलं.

कॉम्प्युटर मुद्देमाल म्हणून जप्त केला. दारूच्या बाटलीला करतो तसं कापड गुंडाळलं, सुतळी बांधली आणि चारी बाजूंनी लाखेची मोहर मारली. पंचांच्या सह्या झाल्या. जीपमध्ये मागे ठेवून, खड्डे चुकवत म्हणजे एकूण एक खड्ड्यातून, ठाण्यात आणला. टेबलावर ठेवून मी त्याला म्हणाले, "बोल आता." जमादार हे वाक्य पुढे प्रत्येक बदलीच्या निरोप समारंभात सांगायचे.

कलम शोधत बसले होते, तेवढ्यात अक्कल म्हणा की भीती म्हणा, आली. शनिवार तोंडावर होता. माझी मावसबहीण कुंदा अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. साहेबांची फोनवर परवानगी घेतली. ते म्हणाले, तज्ज्ञ फुकटात मिळत असेल तर घ्या. तज्ज्ञाशी माझं नातं काय, ते त्यांनी विचारलं नाही.

कुंदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली. हातात पर्स नव्हती, एक हार्ड डिस्क होती, रुमालात गुंडाळलेली. ठाण्यात शिरून तिनं लाखेत लडबडलेलं गाठोडं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ताई, याले कोणी पुरलं?"

"जप्तीची पद्धत आहे."

"हवा जाण्याच्या भोकात लाख ओतली तू! सुरू केलं असतं तं भाजून निघालं असतं. केलं का सुरू?"

"एकदाच. दोनदा."

"अन् काय केलं?"

जमादार म्हणाले, "मॅडमनं त्याले जबाब विचारला."

कुंदा खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसून तिनं कामाला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत तिनं मला माझाच धंदा नव्यानं शिकवला.

पहिलं, तिनं त्या मशीनला त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरूच होऊ दिलं नाही. सोबत आणलेल्या सीडीवर अख्खं लिनक्स होतं, त्यावरून सुरू केलं. म्हणाली, "तू मयताले हात लावतं का पंचनाम्याआधी? तसंच. बिघडलेल्या डिस्कवर एक अक्षर नवं लिहायचं नाही." मग जुनी डिस्क नुसती वाचायची, लिहायची नाही, अशी जोडून तिची आपल्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल काढली. त्यात दुपार झाली. दुरुस्ती जी करायची ती नकलेवर. चुकलं तर मूळ शाबूत.

"पण फोटो आहेत की गेले, ते सांग."

"तुमची मुद्देमालाची खोली हाय ना? समज कोणी आत घुसून सगळ्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या काढून फेकल्या. पेट्या तं जाग्यावरच हायत. पण कोणती कोणत्या गुन्ह्यातली, कुठं सुरू झाली, कुठं संपली, ते कळत नाही. फाइल सिस्टीम म्हणजे त्या चिठ्ठ्या. फोटो बव्हतेक हायत, चिठ्ठ्या फाटल्या."

हे मला लगेच समजलं. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत उंदीर होते.

"चिठ्ठ्या फाडल्या कुणी? नाजनं?"

"थांब ना जरा. ठाण्याले जशी स्टेशन डायरी असते, तशी हेही ठेवते."

नकलेतून तिनं मशीनची नोंदवही उघडली. लिनक्स कधी सुरू झालं, कोण येऊन बसलं, कोण उठलं, काय बंद झालं, याची वेळेसकट ओळ अन् ओळ. आमच्या मुन्शीला दाखवावी अशी. कुंदा बोट ठेवून वाचत गेली. हे बघ, संध्याकाळी रीतसर बंद केलं. हे बघ, पुन्हा रीतसर. आणि मग सामूहिक लग्नाच्या आठवड्यापासून गंमत सुरू झाली. रोज दुपारी नोंदी चालता चालता मध्येच तुटलेल्या. निरोप नाही, काही नाही. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर कुणी हात ठेवावा तशा. त्यापुढची ओळ थेट नव्यानं सुरू झाल्याची.

"असं अचानक मेलं की जे लिहिणं अर्धवट राह्यलं, ते चिठ्ठ्यांवर अर्धवटच राह्यते," कुंदा म्हणाली. "एकदा झालं तं लिनक्स सावरून घेते. रोज भरदुपारी मारलं तं कुठवर सावरन?"

"दुपारी कोण बसलेलं होतं?"

"कोणीच नाही. तुही नाज पडदा बंद करून उठली, जेवणाच्या टायमाले. मशीन एकटंच फोटो लहान-मोठे करत बसलं होतं. पाह्य, बोट लागलं नाही कोणाचं."

ती तेव्हा वर खालाकडे जेवत होती. पानठेल्यावरच्या खबऱ्यानं तिच्याविरुद्ध दिलेली माहिती तिच्याच बाजूची साक्ष निघाली. मी मनातल्या मनात कलमाचं पुस्तक मिटलं. पण बापूंना आणि बाहेरच्या मावश्यांना 'ती नव्हती' एवढं सांगून भागणार नव्हतं. नाज नाही, तर मग कोण, हे दाखवल्याशिवाय गावानं तिलाच धरलं असतं. आणि अकोल्याच्या शाळेत गावातून एक फोन जायला कितीसा वेळ?

"लाईन जाते तेव्हाच मरते," मी म्हणाले. मला एवढं तरी सुचलं.

"ते तं हायच. पण यूपीएस असतानी कावून मरावं? तेच पाहाले लागते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टुडिओत गेलो. मशीन पुन्हा मूळ जागी, जुनी डिस्क काढून कुंदाच्या सीडीवरून सुरू केलेलं. नाजलाही बोलावलं होतं, ती कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. बापूंनी आम्हा दोघींना कूलरसमोर बसवलं. कुंदानं यूपीएस उचलून पाहिला, भिंतीचं बटण बंद करून तपासला. मशीन खुशाल चालू राहिलं. बॅटरीही नवीच होती. नाजनंच तक्रार करून बदलायला लावली होती.

मी बापूंचा जबाब सुरू केला.

"बापू, दुपारी लाईन गेली की तुम्ही काय करता?"

"काय करतो? काहीच नाही. बसतो."

"नीट आठवा."

"आता यात आठवाचं काय हाय मॅडम? लाईन गेली तं माणूस काय करन? बसते!"

"मशीनला हात लावता?"

"माह्या आईची शपथ, बोट नाही लावत. नाजनंच सांगितलं, काका, हात नका लावू. नाही लावत."

खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो. तो हातांचं काय करावं ते विसरतो. बापूंचे हात मांडीवर स्वस्थ होते. माणूस खरं बोलत होता. मी हरले. कुंदाकडे पाहिलं, तिनं खांदे उडवले. म्हणाली, "ताई, लाईन जायचा टाइम झालाच हाय. आपुन गप्पा मारू."

गप्पा सुरू झाल्या. बापू कुंदाला विचारू लागले, अमरावतीत कुठं राहता, माहेर चांदूर रेल्वेचं म्हणजे कोणाच्या घरचे. कुंदाच्या सासऱ्यांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात ट्यूब विझली, पंखा मंदावला, कूलर घरघरत थांबला. यूपीएस टीं टीं करू लागला. कॉम्प्युटर सुरू होता. आणि बापू बोलता बोलता उठले. तोंडानं "म्हणजे तुमचे सासरे ते जिनिंगवाले का," असं विचारत त्यांनी भिंतीतली कूलरची पिन काढली, टेबलाखाली वाकले आणि यूपीएसच्या पाठीवरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खुपसली. कूलर हुंकार देऊन फिरू लागला. पडदा खटकन काळा झाला. बापू येऊन खुर्चीत बसले, "हां, तं ते जिनिंगवालेच ना?"

आम्ही सगळे टेबलाखाली बघत होतो.

"काय झालं?" बापूंनी विचारलं.

मी ठाणेदाराच्या आवाजात म्हणाले, "बापू, आत्ता तुम्ही काय केलं?"

"काही नाही. बसलो."

नाज कोपऱ्यातून पुढं आली. टेबलाखाली वाकून तिनं पिन पाहिली. "या अल्लाह! काका, कूलर लावला तुमी? यूपीएसले? मी जेवाले गेली की रोज?"

"मंग? दुकानात पाव्हणे बसून राह्यते. लाईन गेली म्हणून पाव्हण्याले उकाड्यात बसवू? लगनसराईत माणसं लांबून लांबून येतेत!"

कुंदानं समजावलं. कूलरची मोटर सुरू होताना एकदम मोठा घोट घेते. छोटा यूपीएस तेवढा देऊ शकत नाही, क्षणभर वीज डुबते आणि कॉम्प्युटर तेवढ्यात मरतो. कॉम्प्युटर मेला की यूपीएसवरचं ओझं हलकं होतं आणि कूलर मजेत फिरत राहतो. लाईन आली की बापू पिन परत भिंतीत. नाज जेवून येईपर्यंत पुरावा जागेवर. बापूंचं तोंड उतरत गेलं. यजमानपण इतक्या पद्धतशीरपणे गुन्हा करतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

जमादार हळूच म्हणाले, "मॅडम, परवा तुमी बसल्या होत्या तवाही लाईन नव्हती ना?"

नव्हती. आणि माझी पाठ गार होती. सुरुंग पेरलेला पासवर्ड माझ्याच पाहुणचारात फुटला होता. कुंदाला ते सांगू नका, असं मी जमादारांना डोळ्यांनी सांगितलं. त्यांनी तिला तोंडानं सांगितलं.

कुंदानं नकलेवर दुरुस्ती चालवली. यंत्र विचारायचं, ही चिठ्ठी नीट करू का, हा तुकडा जोडू का, आणि ती हो म्हणत जायची. शेवटी बरेचसे फोटो आपापल्या जागी सापडले. पण पुष्कळ असे निघाले, ज्यांची नावं गेली होती. लिनक्स असल्या बेवारस फाइलींना नंबर देऊन एका वेगळ्या कप्प्यात ठेवतं, आणि त्या कप्प्याचं नाव चक्क हरवले-सापडले. मला त्या प्रणालीबद्दल खात्यातल्या बंधूसारखं प्रेम वाटायला लागलं.

नंबर होते, नावं नव्हती. सगळ्या नवऱ्यांच्या साड्या सारख्या, मुंडावळ्या सारख्या, मान खाली. निकाहवाल्या दुल्हनांचे तर चेहरेच फुलांच्या झालरीत. मग ओळखपरेड ठेवली. अशी ओळखपरेड आमच्या पुस्तकात नाही. स्टुडिओत मावश्या, आत्या, खाला सगळ्या बसल्या, नाज एकेक फोटो पडद्यावर आणायची.

"हे आमची शालू!"

"कावून वो, शालूचे कान असे हायत का? हे माही पुष्पा."

"बाई, नवरदेवाची चप्पल पाह्य. हे आमच्याच जावयानं घेतली मागून, माह्यासमोर."

"तुमच्या जावयाची चप्पल काय सरकारी हाय का, दुसऱ्याले मिळत नाही?"

एका खालानं मेंदीची नक्षी पाहून सांगितलं, ही मीच काढली, आणि करंगळीवर चुकली होती ती जागा बोटानं दाखवली. त्यावर वाद नाही. नाज प्रत्येक फोटोला नाव देत गेली. काही फोटो खालून अर्धे करडे झाले होते, ते गेलेच. ज्या आईच्या पोरीचा एकही फोटो नव्हता, तिला तीन-चार मिळाले. ती पडद्याला हात लावायला गेली आणि नाजनं लावू दिला.

बापू सगळ्यांना लिंबाचं सरबत वाटत होते. कुणाकडे बघत नव्हते.

शनिवारी सकाळी मी पडताळणीचा कागद समोर घेतला. तक्रार चौकशीअंती बापूंनी मागे घेतली होती, तशी नोंद स्टेशन डायरीत झाली. पडताळणीत गावातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे जबाब लागायचे. एक नाजच्या मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांचा झाला होता. दुसऱ्यासाठी जमादार निघणार, तोच बापू दारात. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी.

"दुसरा मी देतो."

"बापू, चार दिवसांपूर्वी तुम्ही तिच्याविरुद्ध..."

"म्हणूनच तं. मी जबाब देल्ला नाही तं गाव म्हणन, काहीतरी हाय. लिहा. पोरगी इमानदार हाय. कामाची पक्की हाय. तोंडाची..." ते थांबले. "तोंडाची तेज हाय, ते लिहू नका."

जमादारांनी लिहून घेतलं. बापूंनी सही केली, वर अंगठाही उठवायला निघाले, कागद आणखी पक्का व्हावा म्हणून. त्यांना थांबवावं लागलं. मी खाली शेरा मारला, 'सदर उमेदवाराविरुद्ध काहीही आक्षेपार्ह आढळून आले नाही', आणि टपालाचा भरवसा न धरता कागद शिपायाच्या हाती अकोल्याला पाठवला. बारा वाजायच्या आत शाळेची पोच आली. नाज जूनमध्ये रुजू झाली.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. 'कोणी केलं' हे विचारायच्या आधी 'काय झालं' हे विचारावं, ही पहिली. कुंदानं माझ्यासारखं पहिल्याच दिवशी माणूस शोधायला घेतलं असतं, तर मूळ डिस्कवरच घाईघाईनं हो-हो दाबून तिनं राहिलेले फोटो संपवले असते. तिनं आधी बिघाड शोधला, माणूस त्यातून आपोआप पुढे आला, आणि तोही पिन हातात घेऊन.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. त्याआधी माझी समजूत होती, की माणूस जबाबात लपवतो ते खोटं. तसं फार थोडं असतं. माणूस जे रोज करतो, ते त्याला आपण करतो आहोत असं वाटतच नाही. म्हणून ते सांगण्यात येत नाही. बापू शपथेवर खरं बोलले होते. त्यानंतरच्या नोकरीत मी कुणालाही 'काय केलं' हे विचारून थांबले नाही. त्याच्या घरी, दुकानात, वावरात, त्याच्या रोजच्या वेळेला जाऊन बसले आणि पाहत राहिले. कितीतरी गुन्हे मला असेच चहाच्या कपासोबत उलगडले. एक-दोन निरपराध माणसंही सुटली.

घरीही हा प्रयोग करून पाहिला. निवृत्तीनंतर एका रविवारी यजमानांना विचारलं, मी स्वयंपाकघरात असते तेव्हा तुम्ही काय करता? म्हणाले, "काहीच नाही. बसतो." सवयीप्रमाणे मी दाराआडून आठवडाभर पाळत ठेवली. जबाब अक्षर अन् अक्षर खरा निघाला.